चार घरांचा फ्रॉक

तिला सगळे कात्रीमावशी म्हणत. गळ्यात काळ्या नाडीला बांधलेली कात्री कायम लोंबत असायची, म्हणून. जेवायला बसली की ती कात्री पाठीवर टाकायची, झोपताना उशाशी ठेवायची. एरवी कात्री छातीवर आणि मावशी कामावर. पन्नाशीला टेकलेली, अंगानं काटकुळी, बोलणं बेताचं आणि बघणं भरपूर. नवं कापड आलं की आधी दोन बोटांत चोळायचं, मग नाकाशी न्यायचं आणि मगच टेबलावर पसरायचं, ही तिची रीत. नाकाशी कशाला, असं शिवणखोलीत कधी कुणी विचारलं नाही. वास काय चीज असते, हे तिथल्या प्रत्येकीला पुरतं ठाऊक होतं.

ही शिवणखोली एका इस्पितळाच्या पाठीमागे होती. पूर्वी तिथं मोडक्या खाटा ठेवत. खिडकीतून चादरी वाळत घालायचं मैदान दिसायचं आणि दुपारी ओल्या कापडाचा गार वारा आत यायचा. इस्पितळ तसं साधंच, पण एका दुखण्यासाठी लांबलांबून बायका तिथं यायच्या. बाळंतपण अडतं, बाई दोन-दोन दिवस कळा देत राहते, वेळेवर गाडी मिळत नाही, मिळाली तर डॉक्टर मिळत नाही. मूल बहुधा जातंच, आणि आईला आतून अशी जखम होते की त्यानंतर लघवी थांबतच नाही. दिवसरात्र पाझर. आधी माणसं तिच्यापासून लांब बसायला लागतात आणि मग ती स्वतःच लांब बसायला लागते. ऑपरेशन केलं की बहुतेक जणींचं हे दुखणं बरं होतं. पण ते सांगणारं माणूस भेटायलाच कित्येकींची वर्षं जातात.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई ही ऑपरेशनं करायच्या, आणि बाई हिंडूफिरू लागली की तिला सहा महिने मागच्या इमारतीत ठेवून घ्यायच्या. पोटभर जेवायचं, अंगात ताकद आणायची आणि कात्रीमावशीकडे शिवण शिकायचं. घरी जाताना प्रत्येकीला एक पायमशीन मिळायचं. आतलं मी शिवते, बाहेरचं मावशी शिवते, असं डॉक्टरीणबाई पाहुण्यांना सांगायच्या, आणि दर वेळी आपल्याच विनोदावर सगळ्यांच्या आधी हसायच्या.

मावशी स्वतः त्याच वाटेनं आलेली. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिचं बाळंतपण अडलं. मुलगा झाला, तो रडलाच नाही. मग सगळं तेच, जे इतरांचं झालं. नवऱ्यानं थोडे महिने कळ काढली आणि दुसरं घर केलं. पण गंमत अशी, की नवरा गेला आणि सासू राहिली. मुलानं आईला बरोबर चल म्हटलं, तेव्हा ती उंबऱ्यात पाय रोवून उभी राहिली. म्हणाली, पळायचं काम तू केलंस, मी काय पाप केलंय म्हणून पळू? तेव्हापासून दोघी एकाच छपराखाली.

म्हणून सासू गोड होती असं कुणी समजू नये. जीभ म्हणजे नुसता विळा. सुनेच्या चादरी धुवायची, पण धुताना सुनेच्या माहेरच्या सात पिढ्यांना पाण्यातून काढायची. मात्र एकदा बाजारात कुणाच्या तोंडून या इस्पितळाचं नाव ऐकलं, तर त्याच आठवड्यात सुनेला घेऊन मालाच्या ट्रकवर पोत्यांवर बसून आली. ड्रायव्हर वासाबद्दल काही पुटपुटला. त्यावर ट्रक पोचेपर्यंत म्हातारीनं त्याला जे सुनावलं, ते ऐकून सून इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली होती. आता सासूचं वय झालं होतं, गुडघे बोलत होते; पण दारातल्या पायरीवर बसून सगळ्या वस्तीचा कारभार तिच्या जिभेवर चाललेलाच होता.

असं सगळं ठीक चाललेलं असताना पाहणी आली.

इस्पितळाला पैसे देणारी जी संस्था होती, तिला ऑपरेशनांबद्दल शंका नव्हती. शंका होती शिवणखोलीबद्दल. सहा-सहा महिने बायकांना ठेवायचं, शिकवायचं, मशीन द्यायचं. पण घरी गेल्यावर त्या शिवणावर कमावतात का? कमावत असतील तर खोली चालू राहील. नसतील तर जखम भरली की बाई घरी, आणि खोलीत पुन्हा खाटा. हे ठरवायला संस्थेनं एक पाहणीबाई पाठवली. चाळिशीची, चष्म्यावरून बघणारी, आवाज मऊ. तिनं आल्याबरोबर सांगितलं, की मला इस्पितळात बसून काही कळणार नाही, मला बायकांच्या घरी न्या.

घरं दाखवायचं काम साहजिकच मावशीकडे आलं, आणि नेमकी तिथंच पंचाईत होती. कारण त्या घरांत काय दिसेल ते तिला माहीत होतं. डोंगराच्या उतारावरच्या वस्तीत तिच्या हाताखालून गेलेल्या बऱ्याच जणी राहत होत्या. येताजाता तिला त्यांच्या घरातली मशीनं दिसायची. कुणाच्या मशीनवर चादर टाकून वर टीव्ही ठेवलेला, कुणाच्या मशीनवर देवाच्या तसबिरी, कुणाच्या मशीनखाली कोंबडी अंड्यांवर बसलेली. शिवणाचा आवाज असा दोनचार घरांतूनच यायचा.

तिनं त्यातल्या त्यात बरी चार घरं निवडली. एकीला मात्र मुद्दाम वगळलं. ती सायकलवाली. तिनं तर मशीन सरळ विकून टाकलं होतं, आणि त्या पैशांतून सायकल घेऊन ती दारोदार अंडी विकत हिंडायची. हे कळलं त्या दिवसापासून मावशी तिच्याशी तुटक बोलायची. समोरून घंटी वाजवत आली की मावशीला रस्त्याच्या पलीकडच्या दुकानात एकदम काहीतरी घ्यायचं आठवायचं. आपण हातात दिलेलं विद्येचं यंत्र, आणि बया ते विकून अंडी विकते. हे तिला लागलं होतं, अगदी आत.

संध्याकाळी जेवताना तिनं सासूला सगळं सांगितलं. खोली गेली तर काय, हे बोलायची गरज नव्हती. मावशीला घरी बसायची भीती नव्हती, हात होते, चार कपडे शिवून दोघींचं पोट भरलं असतं. पण उद्या नवी कुणी आली, जी भिंतीला चिकटून बसते आणि कुणी जवळ आलं की सरकते, तिला टाके निघाल्यावर लगेच त्याच घरी परत पाठवायचं, जिथं तिचं ताट वेगळं ठेवलेलं असेल?

सासूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू नुसती बरोबर जा आणि तोंड बंद ठेव. तेवढं तरी जमतं ना तुला?"

एवढ्यावर विषय संपला, असं मावशीला वाटलं. इथंच ती चुकली. सासू एवढ्या कमी शब्दांत थांबली, याचाच तिला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीतून मावशी आणि पाहणीबाई निघाल्या. वस्तीतला गाडीचा रस्ता म्हणजे सगळ्या डोंगराला वळसा. एका घरातून हाक मारली तर दुसऱ्या घरात ऐकू जाईल, पण गाडीनं जायचं तर भलामोठा फेरा. पहिलं घर थोरलीचं. ही उंचनिंच, अबोल बाई शिवणखोलीच्या अगदी पहिल्या तुकडीतली. दार उघडं होतं, जमीन पुसलेली, मशीन तेलानं चकाकत होतं, आणि मशीनच्या सुईखाली एक पिवळा फ्रॉक. गळा झालेला, बाह्या लावायच्या राहिलेल्या. पाहणीबाईनं चहा घेतला आणि काय चाललंय म्हणून विचारलं. थोरली उभी राहिली, शाळेत कविता म्हणतात तसे हात बाजूला सरळ ठेवले आणि एका दमात म्हणाली, की शिवणकामामुळे मी आज स्वतःच्या पायावर मानानं उभी आहे. म्हणून झाल्यावर बसली. त्यानंतर तिनं जे तोंड मिटलं, ते मिटलं. फ्रॉक कुणाचा, तर गिऱ्हाइकाचा. गिऱ्हाईक कोण, तर आहे एक.

मावशीला पिवळा रंग ओळखीचा वाटला. पण पिवळा तो पिवळाच, जगात काय कमी आहे.

दुसरं घर जुळ्यांच्या आईचं. बरी झाल्यावर हिला ऑपरेशननं जुळं झालं होतं, आणि ती दोन्ही पोरं त्या वेळी एकमेकांचे केस ओढत होती. तिथंही मशीन चकाकत होतं. सुईखाली पिवळा फ्रॉक. एक बाही लागलेली. जुळ्यांची आई उभी राहिली, हात सरळ केले आणि म्हणाली, की शिवणकामामुळे मी आज स्वतःच्या पायावर मानानं उभी आहे.

मावशी वाकून बघायला गेली. गळ्याच्या मधोमध, बारीक, नखाएवढी चीर. मध्य कळावा म्हणून अशी चीर द्यायची सवय तिची स्वतःची. शेजारच्या मुलीसाठी तिनंच परवा हा फ्रॉक कापून घरच्या फळीवर ठेवला होता. म्हातारीचंच काम हे, तिच्या मनात आलं. आणि तेवढ्यात मागच्या खिडकीतून सायकल दिसली, कॅरियरला अंड्यांचे ट्रे बांधलेली, भिंतीला टेकून दम खात असल्यासारखी.

आता बोलावं की न बोलावं? बोललं तर खोली गेली. नाही बोललं तर कदाचित निभावेल. पाहणीबाई जुळ्यांशी खेळत होती, फ्रॉककडे तिचं लक्षही नव्हतं. मावशीनं चहाचा घोट घेतला आणि त्याबरोबर शब्दही गिळला.

तिसरं घर बडबडीचं. हिचं नावच सगळं सांगत होतं. वाक्य म्हणताना तिला हसू आवरेना, मधेच ती अडकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि शेवटी काहीच आठवेना तेव्हा, "बाकीच्यांनी सांगितलं तेच माझं पण," असं म्हणून मोकळी झाली. पिवळ्या फ्रॉकला दुसरी बाही लागली होती. या बायकांना नुसता फ्रॉक मशीनवर ठेवायला सांगितला असणार, एवढंच काम. पण अर्धवट शिवण पुढ्यात आली आणि हात गप्प बसला, असं तिच्या खोलीत कधी घडलंच नव्हतं. तिनंच शिकवलं होतं, की सुईखाली कापड घेतलं तर निदान एक शिलाई घालूनच उठायचं. आता ती शिकवण अशी दारोदार उगवत होती.

पुढं गाडी एका ट्रकच्या मागे चांगली अडकून पडली. चौथ्या घरी पोचल्या, तर धाकटी दारातच वाट बघत होती. सगळ्यांत लहान, सगळ्यांत हुशार, टाका असा की बघत राहावं. तिच्या मशीनवर फ्रॉक नव्हताच. तो खुंटीला टांगलेला होता. पुरा झालेला. बटणं लावलेली, घेर दुमडलेला, इस्त्री केलेली, आणि कमरेला मागून बांधायचा एक देखणा बो.

धाकटी उभी राहिली, हात सरळ केले. पाहणीबाईनं तिला हातानंच थांबवलं. उठली, फ्रॉक खुंटीवरून काढून मांडीवर घेतला आणि चष्म्यावरून मावशीकडे बघितलं.

"मावशी, हा फ्रॉक सकाळपासून आपल्याबरोबर फिरतोय. मला शिवता येत नाही, पण फ्रॉकला बाह्या आपोआप फुटत नाहीत, एवढं कळतं."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं. मावशीनं गळ्यातल्या कात्रीवर हात ठेवला, जसा कुणी आधाराला कठड्यावर ठेवतं.

"फ्रॉक माझ्या घरचा," ती म्हणाली. "कापलाय मी, पळवलाय माझ्या सासूनं आणि शिवलाय ह्या चौघींनी. मला दुसऱ्या घरात कळलं. मी बोलले नाही."

"मी पण बोलले नाही," पाहणीबाई म्हणाली. "मला बघायचं होतं पुरा होतो का ते." आणि मग तिनं विचारलं, की वाटेनं फ्रॉक पोचवणारी कोण आहे, तिला आत बोलवा, उन्हात किती वेळ उभी राहील.

सायकलवाली आत आली. कपाळाला घाम, हाताला गवताचे तुकडे. धाकटीच्या घरात खाट एकच होती. थोरली काय, धाकटी काय, त्या अजूनही कुणाच्या गादीवर बसत नसत. कडेला, दाराजवळ, कशावर तरी टेकत, आणि उठल्या की नकळत मागे वळून जागा बघत. बरं होऊन वर्षं झाली तरी ती नजर जात नाही. सायकलवाली आली ती सरळ खाटेच्या मधोमध बसली आणि पाणी मागितलं.

पाहणीबाईनं तिला मशीन कुठं आहे म्हणून विचारलं. विकलं, ती म्हणाली. मावशीकडे न बघता म्हणाली. आपला टाका जन्मात सरळ आला नाही, मावशींना विचारा, त्यांनी तो एवढ्या वेळा उसवलाय की कापडाची चाळणी झाली. मग सहा महिने त्या खोलीत राहून तुला मिळालं काय, असं पाहणीबाईनं विचारलं, आणि हा प्रश्न तिनं अहवालात लिहिण्यासाठी विचारला नव्हता, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

सायकलवालीनं भांडं खाली ठेवलं.

"सांगते. माझ्या अंगाला वास येतो, हे सगळ्या गावानं ऐकलेलं. अशा बाईनं दारात उभं राहून अंडी घ्या म्हणायचं म्हणजे काय असतं, सांगा. खायची वस्तू हो. ऑपरेशन झालं, वास गेला, पण मी कुणाच्या दारात जायला धजावले असते का? नसते." ती थांबली. "खोलीत पहिल्या दिवशी मावशी माझ्याजवळ येऊन बसल्या. एवढ्या जवळ की कोपराला कोपर लागलं. मी सरकले. तर त्या पण सरकल्या, माझ्याच बाजूला. असं करत करत मी भिंतीला टेकले. मग कुठं सरकणार? बसले तशीच. सहा महिने रोज कोपराला कोपर लावून बसायचं आणि वाकडं शिवायचं. मला वाकडंच शिवता येतं. पण आता दारात उभी राहते."

मावशीनं मान खाली घातली. दोन वर्षं जिला बघून रस्ता ओलांडला, ती हे बोलत होती. मग मावशी उठली, खाटेपाशी गेली आणि सायकलवालीच्या शेजारी बसली. सायकलवालीनं एकदा तिच्याकडे बघितलं आणि गालातल्या गालात हसत मुद्दाम जरा सरकली. मावशीही सरकली.

दुसऱ्या दिवशी पाहणीबाईनं सगळ्यांना शिवणखोलीत बोलावलं. फ्रॉकशिवाय या, असा निरोप होता. आणि मावशीच्या सासूलाही आणा. सासू आली ती तोंडावर युद्धाची तयारी घेऊनच. बसायच्या आधीच तिनं सांगून टाकलं, की फ्रॉक माझ्याच घरातला, त्याला चोरी म्हणत नाहीत.

"चोरी नाही, आजी," पाहणीबाई म्हणाली, "पण चार घरांना चार फ्रॉक द्यायचे होते ना."

"घरात कापलेला एकच होता," सासू म्हणाली.

खोली अशी हसली, की कपडे वाळत घालणाऱ्या बायका खिडकीशी येऊन बघायला लागल्या. आणि एकदा हसल्यावर खोटं बोलायला जीभ उचलत नाही. थोरलीनं सांगितलं, की घरातलं फाटकंतुटकं शिवण्यापलीकडे तिनं मशीन चालवलं नाही, पाय दुखतात. जुळ्यांची आई किराणावाल्यासाठी कापडी पिशव्या शिवते, तेही पोरं झोपली तर. बडबडी एका खानावळीत काम करते, मशीनवर टीव्ही आहे, तो पाहणीसाठी एक दिवस खाटेखाली ढकलला होता. धाकटीचं मात्र वेगळंच निघालं. तिला शिवायचं होतं, मनापासून; पण तिच्या गल्लीत तिच्या हाती कपडा द्यायला बायका कचरतात. म्हणून शेजारीण आपल्या नावावर काम घेते आणि धाकटी ते रातोरात शिवते. मावशीलासुद्धा हे माहीत नव्हतं.

पाहणीबाई कुणाला मधे तोडत नव्हती. शेवटी तिनं विचारलं, की या सहा महिन्यांतलं काही कमी करायचं असेल तर काय कराल? एकमेकींकडे बघणं झालं. थोरली म्हणाली, मला तर अजून दोन महिने हवे होते. धाकटी म्हणाली, आपल्या गल्लीत परत जाताना बरोबर कुणीतरी यायला हवं होतं, मावशींसारखं. बडबडी म्हणाली, सकाळचा व्यायाम काढा.

त्यानंतर पाहणीबाई गेली आणि वाट बघणं मागे राहिलं. मावशी रोज खोली उघडत होती, रोज कापड नाकाशी नेत होती. पण कात्री चालवताना मधेच थांबायची आणि भिंतींकडे बघायची, पाहुणा निघताना त्याच्या तोंडाकडे बघावं तसं. आपण खरं बोललो ते बरं केलं, यात तिला शंका नव्हती. बऱ्याचं बक्षीस बरंच असतं, यावर मात्र तिचा फारसा विश्वास नव्हता.

निर्णय आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावून खुर्चीवर बसवलं. मुक्काम राहणार होता, सहा महिन्यांचा. गरज असेल तिला आणखी. मशीन आता जी मागेल तिलाच. जिला दुसरं काही करायचं असेल तिला ते शिकवायचं आणि त्याची साधनं द्यायची, सायकल म्हणा, हातगाडी म्हणा. त्यासाठी शिवणखोलीची अर्धी जागा जाणार. आणि आठवड्यातले दोन दिवस मावशीनं वस्तीत हिंडायचं. घरी जाणारीला पोचवायला जायचं, तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत बसायचं, आणि जुन्या सगळ्यांकडे जायचं. मशीन विकलेल्यांकडेसुद्धा, असं पाहणीबाईनं मुद्दाम कळवलं होतं.

मावशी घरी आली. सासू पायरीवर होती. मावशीनं सांगितलं, सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली की अर्धी खोली गेली.

"अर्धी गेली म्हणून तोंड पाडलंयस की अर्धी राहिली म्हणून?" सासूनं विचारलं.

"तोंड कुठं पाडलंय?"

"मग चहा टाक. मी काय उपाशी मरू आनंदानं?"

मावशी चहा टाकायला गेली. भांडं चुलीवर ठेवताना तिला हसू फुटलं, आणि ते म्हातारीला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं उगाच दोन कप आपटले.

कापायचं मोठं टेबल खिडकीजवळून आतल्या भिंतीशी न्यायचं ठरलं, तो दिवस सोपा नव्हता. टाके नवे असलेल्या बायकांना जड उचलायची मनाई, म्हणून जुन्या-जाणत्या जमल्या, आणि उचलणं नकोच, ढकला, असं म्हणत ते टेबल त्यांनी इंचाइंचानं सरकवलं. भिंतीशी उजेड कमी होता. मावशीनं त्याबद्दल कुरकुर केली, मग वर दिवा आला, मग दिवा फार डोळ्यांवर येतो म्हणून कुरकुर केली. खिडकीची बाजू सायकलवालीला मिळाली. आठवड्यातून एक सकाळ ती विकणं शिकवायला येणार होती.

पहिल्या सकाळी तिनं काही फळ्यावर लिहिलं नाही. सगळ्यांना मैदानात नेलं, ओल्या चादरींच्या रांगेच्या एका टोकाला उभं केलं, आणि म्हणाली की पलीकडच्या टोकाला माणूस आहे असं समजा आणि ओरडा, अंडी घ्या. बायका लाजेनं एकमेकींच्या मागे जायला लागल्या. एकीचा आवाज घशातच राहिला, दुसरीचा कसाबसा ओठांवर आला. मावशी आत कापड पसरून बसली होती. गलका फार होतोय, असं तिनं दोनदा मनाशी म्हटलं, पण उठून खिडकी काही लावली नाही.

त्यांच्यात एक नवी होती. खेड्यातून आलेली, तिनं आल्यापासून मान हलवण्यापलीकडे कुणाला उत्तर दिलं नव्हतं. शेवटी तिचा नंबर आला. मग चादरींच्या पलीकडून आवाज आला. चिरका, फाटका, पण चांगला खणखणीत. अंडी घ्या, अंडी.

मावशीची कात्री थांबली. ती उठली, मैदानात आली, चादर हातानं बाजूला केली. नवी बाई आपल्याच आवाजानं दचकून उभी होती, आणि बाकीच्या तिच्याकडे बघत होत्या.

"काय भाव दिलीत?" मावशीनं विचारलं.

नव्या बाईनं सायकलवालीकडे बघितलं. सायकलवाली आभाळाकडे बघत होती. मग नव्या बाईनं मावशीकडे बघितलं, जरा विचार केला आणि भाव सांगितला. चांगला चढा सांगितला.

मावशी म्हणाली, एवढा कुठं असतो का, कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्त मिळतात.

"मग तिकडंच जा," नवी बाई म्हणाली.